क्रूझवरून बंदरात उतरून मासे खायचेत? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

मुंबईहून गोवा किंवा कोचीला जाणाऱ्या क्रूझवर आता कोल्हापुरातूनही बरीच कुटुंबं जातात. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं आणि तिथून जवळच असलेल्या बॅलार्ड पिअरवर जहाजात बसायचं. परत आलेल्यांना जेवणाचं विचारलं की जहाजावरच्या बुफेचं वर्णन ऐकायला मिळतं. गोव्यात उतरल्यावर काय खाल्लं? ‘वेळच नाही मिळाला’ किंवा ‘पापलेट खाल्लं, बरं होतं.’ याची खरंच हळहळ वाटते. एरवी ताज्या माशासाठी आपण आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठतो, गगनबावड्यावरून मालवणकडे जातो. इथे तर जहाज आपल्याला थेट बंदरात नेऊन सोडतं, आणि तरी जेवण हुकतं. नशिबाचा यात फारसा संबंध नाही. ठरावीक चुका होतात आणि त्या सगळ्या टाळता येतात.

वार न बघता बुकिंग करणं

ही चूक खास आपल्याकडची. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून तारीख पक्की होते, आणि मग लक्षात येतं की जहाज बंदरात थांबणार तो दिवस सोमवार आहे. घरात कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, जोतिबाचा रविवार पाळणारी घरंही आहेत. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार नेमके क्रूझच्या हंगामात येतात. सासूबाई ताटावर नुसत्या बसून राहणार असतील तर त्या जेवणाला काय गोडी? म्हणून पैसे भरण्याआधी मुक्कामाच्या बंदराचा वार आणि तिथी कॅलेंडरवर बघा. जहाज कधी सुटतं यापेक्षा ते बंदरात कधी लागतं हे इथे महत्त्वाचं.

गोव्यातल्या बऱ्याच हिंदू घरांतही सोमवार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी छोट्या खाणावळींतला प्रकारही बदलू शकतो. जिथे जायचं ठरवलंय तिथे आदल्या दिवशी फोन करून सुट्टीचा वार विचारा.

पावसाळ्याचंही ध्यानात ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांना वाढायला तेवढी उसंत मिळावी, हा त्यामागचा हेतू. या दिवसांत ताटात येणारा मोठा मासा बहुतेक बर्फातला किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरून आलेला असतो.

वेळ पुढून मोजणं

वेळापत्रकात ‘आगमन सकाळी ८, प्रस्थान संध्याकाळी ५’ असं दिसलं की आपण नऊ तास धरतो. प्रत्यक्षात तेवढे कधीच मिळत नाहीत. जहाज धक्क्याला लागल्यावर उतरायची परवानगी मिळायला वेळ जातो, मग रांग. परत येताना जहाजाचा दरवाजा सुटायच्या बराच आधी बंद होतो. ही शेवटची वेळ जहाजावरच्या रोजच्या पत्रकात छापलेली असते. गोव्यात जहाज लागतं त्या मुरगावसारख्या बंदरात मालवाहतूक चालते, तिथे आत मनासारखं चालत फिरता येत नाही. फाटकापासून धक्क्यापर्यंत बसने जायचं आणि तपासणीतून पुढे सरकायचं.

म्हणून हिशेब उलटा करा. समजा जहाज ५ वाजता सुटणार आणि शेवटची वेळ ४ आहे. फाटक, बस, तपासणी मिळून पाऊण तास धरा: सव्वातीनला फाटकावर. रस्त्याला अर्धा तास आणि अडचणीसाठी आणखी अर्धा तास: सव्वादोनला ताटावरून उठायचं. निवांत जेवायला पावणेदोन तास हवेत, म्हणजे साडेबाराला बसायला हवं. आणि नेमकी हीच वेळ उत्तम असते. गोव्यातल्या जेवणाच्या खाणावळींत दुपारी भट्टी तापलेली असते, माशाची कढी नुकतीच चुलीवरून उतरलेली असते. दोननंतर चांगले तुकडे संपत येतात, आणि तीनच्या पुढे बऱ्याच ठिकाणी दुपारची झोप सुरू. ‘आधी सगळं फिरू, मग शांतपणे जेवू’ हा बेत इथे चालत नाही. लांबचं सकाळी बघा, मधे जेवा, जेवणानंतर बंदराजवळचं काही उरलं असेल तर तेवढंच करा.

परदेशी बंदर असेल तर फोनवरची वेळ आपोआप बदलते, जहाजाची वेळ मात्र बदलेलच असं नाही. त्यामुळे घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा.

जहाजावर पोटभर नाश्ता

बुफेत डोसा, ऑम्लेट, पेस्ट्री सगळं मांडलेलं असतं, आणि पैसे भरलेत म्हणून सगळं खाल्लं जातं. त्या दिवशी फळ आणि चहावर थांबा. लहान मुलांना काय ते द्या.

बंदर सोडून लांब पळणं

मुरगावला उतरलेले लोक टॅक्सी करून कळंगुटला जातात, का तर शॅकवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात जेवायचं असतं. ते अंतर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. जाण्यायेण्यात दिवस संपतो आणि पर्यटकांसाठी शिजवलेलं जेवण पुढ्यात येतं. वास्को शहर बंदराला लागून आहे. तिथे मासळी बाजार आहे, मच्छीमारांची वस्ती आहे, बोटी तिथेच लागतात. बंदरातले कामगार, बँकेतले लोक, दुकानदार दुपारी जेवतात ती साधी ठिकाणं वास्कोतच आहेत. माझं ठाम मत आहे की एका दिवसाच्या मुक्कामात जेवायला वास्कोच्या बाहेर पडू नये. पणजी पाहायचीच असेल तर सकाळी लवकर निघा आणि जेवणही तिथेच करा, कारण येताना झुआरी नदीच्या पुलाअलीकडे वाहतूक तुंबली तर तो उलटा हिशेब पुरता कोलमडतो.

कोचीत गोष्ट सोपी आहे. जहाज विलिंग्डन बेटावर लागतं. तिथून फोर्ट कोचीला बोटीने किंवा रिक्षाने जाता येतं.

टॅक्सी कुठलीही असो, भाडं जाण्यायेण्याचं आणि थांबण्याचं मिळून बसायच्या आधी बोलून घ्या. परतीला गाडी मिळेलच या भरवशावर राहू नका.

पाटी बघून आत शिरणं

फाटकाबाहेर हातात मेनूकार्ड घेऊन बोलावणारा माणूस दिसला की पुढे चला. एकाच कार्डावर पंजाबी, चायनीज, पिझ्झा आणि ‘सी फूड’ असेल तर त्या स्वयंपाकघरात मासा रोज किती खपत असेल, याचा अंदाज करा. खपत नसेल तर तो फ्रीजरमध्ये पडून राहतो. याउलट एखाद्या खोलीत बारा वाजता दहा-बारा टेबलं आणि त्यावर आसपासचे नोकरदार भराभर जेवताना दिसले, की तिथे थांबा. त्यांच्या ताटात काय आहे ते बघा, आणि वाढपीदादांना एकच प्रश्न विचारा: ‘आज सकाळी काय आलंय?’ चांगल्या ठिकाणी लगेच दोन-तीन नावं सांगतात आणि ‘अमुक आज नाही’ हेही सांगतात. ‘सगळं आहे’ हे उत्तर मिळालं तर सावध व्हा.

मासा दाखवायला सांगण्यात संकोच नको. आपण मटण घेताना तुकडा बघतो, निवडतो, तसंच हे. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, कल्ले लाल, अंग दाबलं तर खळगा न राहता वर यायला हवं. समुद्राचा वास चालेल, उग्र, अमोनियासारखा वास चालणार नाही. तिसऱ्या, शिंपल्या कच्च्या असताना तोंड घट्ट मिटलेल्या हव्यात, आणि शिजल्यावरही जी उघडत नाही ती खाऊ नये.

पापलेट-सुरमईच्या पलीकडे न जाणं

कोल्हापुरात मासा येतो तो कोकणातून बर्फात येतो. त्यामुळे प्रवास सोसणारे, मोठे, कमी काट्यांचे मासे आपल्या ओळखीचे झालेत. पण बंदरावरची खरी चैन आहे ती प्रवास न सोसणाऱ्या लहान माशांत. ताजी तारली, मुडदुशी, लेपी, सौंदाळे हे काही तासांत चव उतरणारे जीव आहेत. घाटावर त्यांची चव लागणं कठीण. गोव्यात थाळी घ्या. उकडा तांदळाचा भात, नारळाचं हुमण (माशाची कढी), सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर), तिसऱ्यांचं सुकं, रव्यात तळलेला तुकडा आणि सोलकढी असा साधारण तिचा थाट असतो. त्यात तळलेला मासा बदलून मुडदुशी किंवा बांगडा मागा. बांगड्याचं तिरफळ घातलेलं हुमण असेल तर ते सोडू नका. सुरमईला गोव्यात विसवण म्हणतात, हे माहीत असलं की फळ्यावरचं नाव वाचून गोंधळ होत नाही.

कोचीत नावं वेगळी असतात. बांगडा म्हणजे अयला, तारली म्हणजे मत्ती, सुरमई म्हणजे नेय्मीन, कोळंबी म्हणजे चेम्मीन. करिमीन हा तिथला मानाचा मासा, केरळचा राज्यमासा. तो समुद्रातला नाही, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला आहे. मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळून भाजतात, त्याला पोळ्ळिच्चदु म्हणतात. काटे बरेच असतात, म्हणून निवांत खा. लाल मिरचीची आणि कुडमपुळी घातलेली मीनकरी, म्हणजे माशाची कढी, उकडलेल्या कप्पाबरोबर, म्हणजे टॅपिओकाबरोबर मागवा. कुडमपुळी ही आपल्या कोकमाचीच जवळची नातेवाईक, पण धुरावर वाळवलेली, त्यामुळे आंबटपणाला एक जळकट खोली येते. नारळाच्या तेलाचा वास पहिल्या घासाला नवा वाटेल. दोन घास थांबा.

‘जरा तिखट करून द्या’

आपल्या जिभेला कांदा-लसूण चटणीची सवय आहे, तांबड्या रश्शाचा झणका हवा असतो. हे मी मनापासून मान्य करतो, मलाही तो हवा असतो, पण मटणात. मासा पाच-दहा मिनिटांत शिजतो. भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, खडा मसाला यांचं दाट वाटण त्याच्यावर घातलं की ताज्या आणि शिळ्या माशातला फरकच पुसला जातो. बंदरावरचे लोक आमसूल, बिंबलं, तिरफळ, ओला नारळ वापरतात तो मासा पुढे यावा म्हणून. तुम्ही तिखट वाढवायला सांगितलं तर आचारी उतरलेल्या कढीत वरून मिरचीपूड टाकणार. ती कच्ची लागते आणि कढीही जाते. पिशवीत चटणीची डबी असेल तर ती जहाजावरच्या फिक्या भाजीसाठी राहू द्या.

रश्श्याच्या वाट्या मागून-मागून ओरपायची आपली रीतही इथे आवरा. हुमण भातावर घ्यायचं असतं.

वजन न विचारणं

मेनूवर दराच्या जागी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं, विशेषतः खेकडा, शेवंड आणि अख्ख्या माशाला. शिजायला जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: वजन किती, किलोचा दर किती, आणि वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं. फोर्ट कोचीत किनाऱ्यावर उभारलेल्या मोठ्या चिनी मासेमारी जाळ्यांपाशी मासे विकायला मांडलेले असतात आणि विकत घेतलेला मासा शेजारी शिजवून देतात. अनुभव छान आहे, मुलांना तर फार आवडतो. पण त्या जाळ्यांत दिवसभरात सापडतो तो मासा थोडा आणि लहान. मांडलेला मोठा माल बहुतेक दुसरीकडून आणलेला असतो. तेव्हा ताजेपणाची तपासणी तिथेही करा, काटा शून्यावर आहे ना बघा, आणि शिजवायचे पैसे वेगळे किती ते आधीच ठरवा.

तरीही अडचण आलीच तर

जहाज दोन तास उशिरा लागलं: बाकीचे बेत रद्द करा, जेवण ठेवा. वास्कोत किंवा फोर्ट कोचीत दोन तासांतही उत्तम जेवता येतं.

ठरवलेल्या ठिकाणी रांग आहे: वीस मिनिटांपर्यंत थांबा. त्याहून जास्त लागणार असेल तर वाढप्यालाच विचारा की जवळ आणखी कुठे चांगलं मिळतं. ते खरं सांगतात.

बांगडा, सुरमई किंवा ट्यूना खाताना जिभेला चुरचुर झाली: तिथेच थांबा. हे मासे उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. थोड्या वेळात चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पुरळ असं काही दिसलं तर जहाजावरच्या डॉक्टरांकडे जा. श्वासाला त्रास होत असेल तर जहाजाची वाट न बघता जवळचं रुग्णालय गाठा.

बरोबर शाकाहारी मंडळी आहेत: गोव्यात खतखतं (मिश्र भाज्यांचं) किंवा मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची) आहे का विचारा. वाटाण्याची उसळ आणि पाव तर सहज मिळतं. वेगळी कढई आणि वेगळं तेल मात्र छोट्या खाणावळीत मिळेलच असं नाही, हे घरातल्या मोठ्यांना आधी सांगून ठेवा.

उरलेलं पार्सल जहाजावर न्यायचंय: बहुतेक जहाजांवर बाहेरचं शिजवलेलं अन्न आत घेऊ देत नाहीत. मोजकंच मागवा, हवं तर पुन्हा मागवा. सुकी मासळीही घेऊ नका. केबिनमध्ये वास कोंडतो, आणि तपासणीत पिशवी अडली तर रांग खोळंबते.

आणि बंदरातलं जेवण पूर्णच हुकलं तर मुंबईचा दिवस अजून हातात असतो. जहाज सकाळी लागलं आणि परतीची महालक्ष्मी रात्रीची असली की सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा आणि फोर्टातल्या मालवणी किंवा मंगळुरी खाणावळीत साडेबाराला जाऊन बसा. तिथे ओले बोंबील मागवा. बोंबील हा मुंबईपासून गुजरातपर्यंतच्या समुद्राचा मासा, अंगात पाणीच जास्त, दाबून पाणी काढून रव्यात तळलेला. पानात आला की लगेच खायचा, गार झाला की मऊ पडतो.