जुनं प्रेम पुन्हा भेटतं, ती कादंबरी ऐकताना

दुरावलेल्या दोघांची गोष्ट ऐकायची असेल तर जेन ऑस्टिनची १८१७ सालची 'पर्स्वेजन' घ्या. लिब्रिव्हॉक्स या ऑडिओबुकच्या वेबसाइटवर फुकट मिळते. तिथे एकाहून जास्त वाचकांचे आवाज आहेत. प्रत्येकाची पाच मिनिटं ऐका, मगच ठरवा. आवाज पटला नाही तर गोष्टही पटत नाही.

सुरुवातीला नात्यांचा गोतावळा मोठा आहे, नावं कागदावर उतरवून ठेवा. भाजी निवडताना सव्वापट वेगाने ऐकलंत तरी चालेल. तेविसाव्या प्रकरणातलं नायकाचं, म्हणजे वेंटवर्थचं पत्र मात्र मूळ वेगातच, हेडफोन लावून ऐका! आठ वर्षं मनात दाबलेलं तो भराभर लिहून काढतो. तिथला एकेक थांबा मोलाचा आहे.

झोपताना ऐकणार असाल तर स्लीप टायमर लावा.