पन्हळ बसवताना या चुका टाळा: नाशिकच्या पावसात कोणती पन्हळ टिकते?

मेच्या शेवटच्या आठवड्यात नाशकात पत्रेवाला शोधून सापडत नाही. एप्रिलभर "करू की निवांत" म्हणणारे सगळे रोहिणीचे चार थेंब पडले की एकदम जागे होतात. सातपूर-अंबडकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांचे फोन थांबत नाहीत, आणि मग दुकानात जी पन्हळ शिल्लक असेल ती, जो माणूस रिकामा असेल त्याच्याकडून ठोकून घेतली जाते. जुलैत भिंतीला ओल आली की शिव्या पन्हळीला. खरं तर दहातल्या बहुतेक घरांत पन्हळ ठीकच असते. चुकलेलं असतं माप, उतार, नाहीतर खाली उतरणारा पाइप.

"आपल्याकडे कुठे एवढा पाऊस?"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नाशिक शहरात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि साधारण 45 किलोमीटरवरच्या इगतपुरीला 3000 च्या वर. यावरून लोक ठरवतात की मोठी पन्हळ इगतपुरी-त्र्यंबकवाल्यांनी लावावी, आपल्याला चार इंची पुरे.

पण पन्हळीला वर्षाचा हिशोब कळत नाही. तिला दहा मिनिटांत किती पाणी अंगावर आलं एवढंच कळतं. इगतपुरीत दिवसचे दिवस झड लागते. शहरात जूनच्या सुरुवातीचा किंवा हस्ताचा पाऊस गडगडत येतो, अर्ध्या तासात कॉलेज रोडचा ओढा करून निघून जातो. अशा सरीचा वेग काही मिनिटं ताशी 100 मिलिमीटरच्या घरात जाऊ शकतो. गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून खुशाल मोजा, तो त्र्यंबककडच्या पावसावर आणि गंगापूर धरणाच्या विसर्गावर ठरतो. पन्हळीचा पूर तुमच्याच छपरावर तयार होतो.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. ताशी 100 मिलिमीटरच्या सरीत त्यावरून मिनिटाला दीडशे लिटरहून जास्त पाणी उतरतं. दर मिनिटाला दहा मोठ्या बादल्या. आता आपल्या पन्हळीकडे आणि कोपऱ्यातल्या त्या एकुलत्या एक पाइपकडे पुन्हा एकदा बघा.

मोठी पन्हळ, बारका पाइप

पन्हळ निवडताना माणूस रंग बघतो, आकार बघतो, हाताने ठोकून जाडी बघतो. पाइपचा विषय शेवटी निघतो, तोही "तीन इंची आहे ना घरात पडलेला, तोच लावू" एवढ्यावर संपतो.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत पावसाच्या पाइपांचा तक्ता आहे. ताशी 100 मिलिमीटर पाऊस धरला तर 75 मिलिमीटरचा, म्हणजे आपला तीन इंची पाइप सुमारे 20 चौरस मीटर छपराचं पाणी उतरवतो. 100 मिलिमीटरचा, म्हणजे चार इंची, सुमारे 42 चौरस मीटरचं. व्यास एकाच इंचाने वाढला आणि क्षमता दुपटीच्या वर गेली. हजार चौरस फुटांना तीन इंची पाच पाइप लागतील. चार इंची दोन लावले तर किंचित कमी पडतात, तीन लावले की प्रश्न मिटला.

सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर या भागांत गच्ची गळते म्हणून वर पत्र्याची शेड टाकायची पद्धतच पडली आहे. शेड बहुधा एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतार असलेली असते, कारण एकपाखी स्वस्त पडते. त्यामुळे सगळ्या छपराचं पाणी एकाच कडेला येतं. तिथे चार इंची अर्धगोल पीव्हीसी पन्हळ आणि टोकाला तीन इंची एक पाइप. भुरभुर पावसात सगळं छान चालतं. पहिली मोठी सर आली की पाणी पाइपपर्यंत पोहोचायच्या आतच पन्हळ मध्यावर काठोकाठ भरते, आणि तिथूनच धार सुटते ती शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनवर. मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो, व्हॉइस मेसेज, सगळं रीतसर.

अशा वेळी लोक पन्हळ काढून मोठी लावायला निघतात. थांबा. आधी मध्यावर एक चार इंची पाइप वाढवून बघा. पाण्याला पन्हळीतून जायचं अंतर निम्मं होतं आणि आहे तीच पन्हळ पुष्कळदा पुरते. खर्चही नवीन पन्हळीच्या मानाने किरकोळ.

पाइप भिंतीवरून नेताना एल्बो जितके कमी तितकं बरं, कारण कचरा तिथेच बसतो. जिथे वळण टाळता येत नाही तिथे झाकण उघडणारा डोअर बेंड लावायला सांगा. प्लंबर "कशाला उगाच" म्हणेल. त्याचं ऐकू नका, ऑगस्टमध्ये शिडीवर तुम्ही असता.

अर्धगोल, चौकोनी की नक्षीदार?

कौलारू घर असेल तर अर्धगोल. देवळाली कॅम्पातले जुने बंगले, पंचवटीतले उरलेसुरले वाडे, यांना तीच शोभते आणि कामालाही तीच बरी. आत कोपरा नसल्याने पानं, माती पाण्याबरोबर वाहून जातात. उणीव एकच, तेवढ्याच रुंदीच्या चौकोनी पन्हळीपेक्षा तिच्यात पाणी कमी मावतं. म्हणून चार इंचीचा हट्ट सोडा आणि सहा इंची घ्या.

पत्र्याच्या शेडला चौकोनी, पत्रा वाकवून केलेली पन्हळ उत्तम. सहा बाय सहा इंची शहरात बहुतेक घरांना पुरते, त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात आठ इंची करा. तिचं दुखणं तळाच्या कोपऱ्यात असतं. तिथे गाळ बसतो, ओल राहते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पुढून नक्षीदार, मागून सपाट असलेली पन्हळ अलीकडे गंगापूर रोडच्या नव्या बंगल्यांवर दिसते. दिसते देखणी, छपराच्या कडेच्या फळीला सपाट टेकते, पाणीही अर्धगोलपेक्षा जास्त घेते. घ्यायला हरकत नाही, फक्त जोड, क्लिपा आणि टोकाच्या टोप्या दोन-चार जास्तीच्या आत्ताच घेऊन ठेवा. एका कंपनीचा साचा दुसऱ्या कंपनीच्या पन्हळीला बसत नाही, आणि तीन वर्षांनी तोच साचा बाजारात असेल याची खात्री दुकानदारही देत नाही.

जुन्या घराला लागून नवी शेड घातली की दोन उतारांच्या मधे खोलगट पन्हळ करावी लागते. इथे काटकसर अजिबात नको. बाकीच्या पन्हळी भरल्या तर पाणी अंगणात पडतं, ही भरली तर घरात. निदान एक फूट रुंद ठेवा, म्हणजे साफ करायला आत पाय टाकता येतो. टोकाला काठापेक्षा थोडं खाली एक ओव्हरफ्लोचं भोक ठेवा. त्या भोकातून पाणी पडताना दिसलं की समजायचं, पाइप तुंबला.

गेजचा आकडा आणि उन्हाचा मार

पत्र्याच्या गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. 26 गेज म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, 22 गेज म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या थोडा वर. हे उलटं गणित माहीत नसल्यामुळे "सव्वीसचा लावतो साहेब, भारी आहे" या बोलण्याला भलेभले मान डोलावतात. पन्हळीला 24 च्या पुढे जाऊ नका, लांब असेल तर 22 मागा.

पीव्हीसी पन्हळ गंजत नाही, हलकी असते, घरच्या घरी जोडता येते. पण नाशिकचं ऊन विसरून चालत नाही. पीव्हीसीची दहा मीटर लांबी तापमानात 30 अंशांचा फरक पडला की सुमारे दोन सेंटीमीटर वाढते किंवा आकसते. डिसेंबरच्या पहाटेचा आणि मेच्या दुपारचा फरक याहून मोठा असतो. म्हणून तिच्या जोडात सरकायला जागा सोडतात आणि रबरी सील बसवतात. आपल्याकडे मिस्त्री ती जागा सिलिकॉनने किंवा पाइप चिकटवायच्या सोल्युशनने गच्च भरून टाकतो. एक उन्हाळा गेला की जोड तरी सुटतो, नाहीतर पन्हळ मधेच कमान टाकते. दुसरी गोष्ट गारांची. अवकाळीच्या गारा द्राक्षबागांइतक्याच उन्हाने कडक झालेल्या पीव्हीसीच्याही वैरी. निफाड-दिंडोरीकडे घर असेल तर मी सरळ पत्राच सुचवेन.

अॅल्युमिनियम चांगलं, फक्त ओल्या सिमेंटपासून लांब ठेवा. सिमेंटचा क्षार त्याला खातो. गवंड्याने पन्हळीच्या मागची फट सिमेंटने बुजवली तर दोन-तीन पावसाळ्यांत तिथे पांढरी पूड दिसायला लागते.

सरळ दिसते म्हणजे बरोबर आहे, असं नाही

पन्हळ खालून बघताना अगदी सरळ दिसावी असं घरमालकाला वाटतं, आणि मिस्त्रीही डोळ्याने ओळ धरून ती सरळ बसवतो. उतार कुठे आहे? दर दहा फुटांना निदान अर्धा इंच हवा. चाळीस फुटांची कड असेल तर एका टोकाकडून दुसरीकडे दोन इंच उतार द्यावा लागतो आणि ती वाकडी दिसते हे खरं. त्यावर उपाय आहे. मध्य उंच ठेवा आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच उतार देऊन दोन पाइप काढा. तिरकेपणा डोळ्यात भरत नाही आणि पाणीही वाटलं जातं. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी यासाठी पुरे, लेझर वगैरे काही लागत नाही.

उतार नसलेल्या पन्हळीत बोटभर पाणी आठवडाभर साचून राहतं. डेंग्यूच्या डासाला एवढं पुष्कळ झालं, आणि महापालिकेची माणसं तपासणीला आली तरी कुंड्या, टायर आणि फ्रिजचा ट्रे बघतात, वर कोण चढतंय.

पुढची कड मागच्या कडेपेक्षा थोडी खाली हवी, म्हणजे पन्हळ भरलीच तर पाणी बाहेर पडेल, भिंतीवर जाणार नाही. छपराचा पत्रा पन्हळीत सुमारे दोन इंच आत यावा. त्याहून कमी आला तर पाणी पत्र्याच्या खालच्या बाजूने मागे वळून भिंत धरतं. फार पुढे गेला तर जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून थेट खाली.

ब्रॅकेट दोन-दोन फुटांवर. "तीन फुटांवर चालतं" म्हणणाऱ्याला वजन सांगा: सहा बाय सहा इंची पन्हळ काठोकाठ भरली की फुटाला सात किलो पाणी, वीस फुटांना 140 किलो. वर गाळ वेगळा. आणि अंजनेरी-त्र्यंबककडे घर असेल तर माकडं पन्हळीवरून रोज ये-जा करणार हेही धरा.

जाळी लावली म्हणून निर्धास्त

कडुनिंबाची आणि गुलमोहराची पानं इतकी बारीक असतात की मोठ्या भोकांच्या जाळीतून आत जातात, आणि बारीक जाळी लावली तर तीच वरून लिंपून जाते. मग पाणी जाळीवरूनच घसरून बाहेर पडतं. सगळ्या पन्हळीवर जाळी अंथरण्यापेक्षा पाइपच्या तोंडावर घुमटासारखी उभी जाळी ठेवा आणि वर्षातून दोनदा हाताने साफ करा: एकदा मृगाच्या आधी, एकदा पोळ्याच्या सुमाराला. दुसरी सफाई बहुतेक जण टाळतात आणि हस्ताच्या पावसात अडकतात. कबुतरांचं घरटं मार्चमध्येच बघून घ्या, पिल्लं झाल्यावर हात लावायला जीव होत नाही.

खाली आलेलं पाणी

पावसाचा पाइप संडासाच्या चेंबरला जोडू नका. मोठ्या पावसात ती लाइन भरते आणि पाणी उलटं फिरून तळमजल्याच्या बाथरूममधून वर येतं. पाइप जोत्याजवळ नुसता सोडून देणंही तितकंच वाईट. नाशिकच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि हे वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात चाललं की ओटा खचतो, कुंपणभिंत तिरपी होते. पाणी घरापासून चार-पाच फूट तरी लांब न्या, शोषखड्ड्यात किंवा गाळणी लावून बोअरच्या पुनर्भरणाला सोडा.

कुठे गळतंय ते कसं ओळखायचं

पाणी मध्यावरून पुढे सांडत असेल तर पाइप कमी पडतोय किंवा तुंबलाय, नाहीतर पाणी पन्हळीतच अडतंय. पाइपच्या तोंडाशी बघा: तिथेही पन्हळ भरलेली असेल तर दोष पाइपचा, तिथे पाणी जेमतेम असेल तर दोष उताराचा किंवा मधे अडकलेल्या कचऱ्याचा. पाणी पन्हळीच्या मागून भिंतीवर येत असेल तर पत्रा आत कमी आलाय किंवा मागची कड खाली बसली आहे. पाऊस थांबल्यावर तासभराने एकाच जागी थेंब पडत राहिला तर जोड गेलाय. त्यावर बाहेरून सिलिकॉन फासण्यात अर्थ नाही, आतून कोरडं करून लावलं तरच धरतं.

नवीन काम असेल तर मिस्त्रीचे शेवटचे दीड-दोन हजार हातात ठेवा. छपरावर बागेचा पाइप चढवून, पन्हळीच्या उंच टोकाला पाणी सोडून दहा मिनिटं त्याच्याबरोबर खाली उभे राहा. पाणी बंद केल्यावर पन्हळीत कुठे थारोळं उरलं का ते शिडीवरून बघा, पाइपच्या तळाशी जोड ठिबकतोय का ते बघा, आणि मगच हिशोब चुकता करा.