"माझं कॅलेंडर कशाला रे हवंय तुला?"

हरिहरच्या ट्रेकची नावनोंदणी मी केलेल्या वेबअ‍ॅपवर सुरू झाली आणि त्याच संध्याकाळी ग्रुपमधल्या एका काकूंचा फोन. "नाव नोंदवायला माझं कॅलेंडर कशाला रे हवंय तुला? आणि पुसायचीसुद्धा परवानगी?"

असं काही नाही, म्हणत मी स्क्रीन उघडली. तसंच होतं. ट्रेकची तारीख आपोआप पडावी म्हणून मी गूगल कॅलेंडरचा अख्खा स्कोप, म्हणजे परवानगीचा आवाका, मागून बसलो होतो: सगळी कॅलेंडरं बघणं, बदलणं, शेअर करणं, कायमची पुसणं. काकूंची शंका हवेतली नव्हती. फेसबुकवरच्या एका क्विझ अ‍ॅपने परवानगी देणाऱ्यांच्या मित्रांचीही माहिती नेली होती, 8.7 कोटींपर्यंत लोकांची, असं 2018 मध्ये फेसबुकनेच सांगितलं.

तर, तुम्हीही अ‍ॅपला गूगलचं लॉगिन जोडत असाल, तर लॉगिनच्या वेळी नाव, ईमेल आणि फोटो मागा, बस्स. एवढ्यावर थांबलात तर 'गूगलने हे अ‍ॅप तपासलेलं नाही' ही धडकी भरवणारी सूचनाही येत नाही. बाकीचं, माणूस त्या-त्या सोयीचं बटण दाबेल तेव्हाच मागायचं.

खरी मेहनत गूगलच्या परवानगीच्या स्क्रीनआधी येणाऱ्या आपल्या पानावर करा. मी ते चारदा लिहिलं. पहिल्यांदा 'तुमची माहिती सुरक्षित आहे' असं लिहिलं होतं. ते तर लुबाडणाराही लिहितो. शेवटी हे ठेवलं: "आता गूगल विचारेल. तिथे 'नोंदी पाहणे आणि बदलणे' असं दिसेल. आम्ही फक्त ट्रेकची एक नोंद टाकतो, तुमच्या जुन्या नोंदी वाचत नाही. नको असेल तर मागे फिरा, नावनोंदणी झालेलीच आहे." गूगल काय म्हणणार आणि आपण काय करणार, यातला फरक आपणच आधी सांगितला की माणूस दचकत नाही.

मग 'नको' दाबून बघा. माझ्याकडे पांढरं पान आणि 'अ‍ॅक्सेस डिनाइड' यायचं, म्हणजे नकार देणाऱ्यालाच शिक्षा! शिवाय गूगल हल्ली परवानग्यांपुढे टिकचे चौकोन देतं. लोक एखादा रिकामा सोडतात. टोकनसोबत, म्हणजे परवानगी मिळाल्यावर गूगल अ‍ॅपला देतं त्या किल्लीसोबत, कोणते स्कोप खरंच मिळाले ते कोडमध्ये तपासा, सगळे मिळाले असं धरून चालू नका.

'खातं तोडा' बटण प्रोफाइलमध्येच ठेवा. माझं बटण फक्त माझ्या डेटाबेसमधली ओळ पुसायचं. त्या माणसाच्या गूगल खात्यात अ‍ॅप जोडलेलंच राहायचं. गूगलला टोकन रद्द करायची विनंतीही पाठवावी लागते.

एवढं सगळं केल्यावर सुचलं, की तारखेची आयसीएस फाइल, म्हणजे माणूस स्वतःच आपल्या कॅलेंडरमध्ये उघडून टाकू शकेल अशी नोंद, दिली तर एकही परवानगी लागत नाही. कॅलेंडरचा स्कोप काढूनच टाकला.

हरिहरला काकू आल्या. नाव मात्र त्यांनी फोनवरूनच लिहून घ्यायला लावलं होतं.