निघायचं कसं

भाच्याच्या क्लासमध्ये निबंधाला विषय होता: लोकांना नको असलेल्या परमुलखातल्या युद्धातून सैन्य परत बोलवावं का? त्यानं पानभर एक बाजू लिहिली, पानभर दुसरी. मी विचारलं, बोलवायचं ठरलं तर कसं बोलवशील? म्हणाला, "मामा, त्यात काय एवढं, जहाजात बसायचं आणि यायचं."

मी श्रीलंकेत भारतीय शांतिसेनेत स्टोअर सांभाळायचो. तेव्हा हे त्याच्यासाठी, आणि टीव्हीसमोर बसून फौजा हलवणाऱ्या सगळ्यांसाठी.

आधी एक ओळ लिहा: आपण इथं कशाला आलो? 29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. तिथल्या सरकारशी लढणाऱ्या तमिळ गटांनी हत्यारं खाली ठेवायची आणि आम्ही शांतता राखायची, हे काम. ऑक्टोबरात आम्ही जाफन्यात त्यातल्याच लिट्टेशी, तमिळ वाघांशी, गल्लीगल्लीत लढत होतो. काम बदललं, पण नवी ओळ कुणी लिहिली नाही. तुम्हाला ती लिहिता येत नसेल, तर राहायचं की जायचं यावर वाद घालत बसू नका. सामान बांधायला घ्या.

लगेच कुणीतरी म्हणेल, मग गेलेल्यांच्या रक्ताचं काय? आपले सुमारे 1,200 जवान तिथं मारले गेले. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत वाढलेले, 25 नोव्हेंबर 1987 ला छातीत गोळी लागूनही लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. लंगरमध्ये ताट घेऊन बसलं की मीही हेच बोलायचो, आता मागं फिरलो तर ते फुकट गेले. पण आमच्या धंद्यात खर्ची पडलेला माल पुढच्या पानावर ओढत नाहीत. माणसांबद्दल असं बोलणं कठोर आहे, कळतं मला. तरी उद्या आणखी दहा जण गेले म्हणून कालचे दहा वसूल होत नाहीत. हे दोन हिशेब वेगळे ठेवा.

आता तारीख. इथंच सगळ्यांचं घोडं अडतं. यजमानाला तुमची तारीख जाहीर करू देऊ नका. जयवर्धनेंनंतर आलेले राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांनी 1 जून 1989 ला जाहीर सांगून टाकलं, जुलैअखेर चालते व्हा. दिल्ली म्हणाली, असं एकदम होत नाही. हट्टापायी तीन-साडेतीन महिने गेले. 18 सप्टेंबरला समझोता झाला, 20 पासून आमच्या मोहिमा थांबल्या, 31 डिसेंबरपर्यंत निघायचं ठरलं. डिसेंबरात दिल्लीतलं सरकारच बदललं. शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली 24 मार्च 1990 ला.

तारीख देणारा माणसं मोजतो, स्टोअरवाला गाड्या मोजतो. माणूस डेकवर पाय पोटाशी घेऊन बसतो, तीन टनी ट्रक तसा बसत नाही. रशियन फौजा 1989 च्या फेब्रुवारीत अफगाणिस्तानातून पूल ओलांडून घरी गेल्या. आपल्या आड समुद्र. पुढचं तोंड उघडणाऱ्या नौदलाच्या जहाजात ट्रक रिव्हर्समध्ये चढवायचा, म्हणजे पलीकडे सरळ उतरतो. रात्री, टॉर्चच्या उजेडात, मागून एक जण "आने दो, आने दो" ओरडतोय, असं एकेक करून. आधी जहाजं मोजा, मग तारीख बोला.

आणि बोललात की दुसऱ्या दिवशीपासून गाव बदलतं हे धरून चाला. आमच्या कॅम्पाच्या फाटकाशी एक म्हातारा शहाळी विकायचा. जवानांची उधारी महिनाभर चालवायचा, हसून. सप्टेंबरची बातमी रेडिओवर लागली आणि सकाळी तो वही घेऊन उभा. सगळ्यांची उधारी चुकती करून घेतली, शहाळ्यांची गाडी वळवली, पुन्हा आला नाही. खबर देणारेही तसेच आटले. त्यांना तिथंच राहायचं होतं, आम्हाला नाही.

निघण्याचा क्रम सोपा आहे: लांबचं आधी, बंदर शेवटी. अंपाराई पहिलं सोडलं, त्रिंकोमाली शेवटचं. आजारी माणसं, जड सामान, मेसची चांदीची भांडी, कागदपत्रं आधी काढा. लंगर, म्हणजे स्वयंपाकघर, आणि दारूगोळा शेवटी काढा. नवा अधिकारी हमखास उलटं करतो, आचारी आधी पाठवतो आणि मग चार दिवस सगळे शक्करपाऱ्यांवर.

आणखी एक. कॅम्प अर्धा रिकामा झाला म्हणून रस्ता अर्धा होत नाही. पहिल्या कॉन्व्हॉयला रस्ता उघडायला जेवढी माणसं लागली तेवढीच शेवटच्या कॉन्व्हॉयलाही लागतात. सुरुंग असायचे रस्त्यावरच्या मोरीखाली. मोरीखाली वाकून बघणारा जवान सगळ्यात शेवटी कमी करा. जाणाऱ्या फौजेवर कुणी हल्ला करणार नाही, हे समझोत्याच्या कागदावर असतं. मोरीखाली जाऊन तो कागद कुणी वाचत नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. तुमच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या तिथल्या माणसांची यादी तारीख ठरायच्या आधी करा. दुभाषे, ड्रायव्हर, पाणी भरणारे, त्यांची बायकापोरं. जनरेटरच्या आधी त्यांची जागा धरा.

आपण तिथं ईशान्य प्रांतात सरकार उभं राहू दिलं, वरदराज पेरुमल त्याचे मुख्यमंत्री. आपल्या मागं त्यांचं रक्षण व्हावं म्हणून 1989 मध्ये तमिळ नॅशनल आर्मी उभी केली. पोरं घराघरांतून जबरदस्तीनं उचलून आणलेली. वावुनियाच्या बाजूला होतो तेव्हा त्यातला एक स्टोअरच्या खिडकीशी आला. सतराचा असेल, मिसरूड नीट फुटलेलं नाही. खांद्यावर रायफल, पायात रबरी चपला. बोटानं माझे बूट दाखवले, मग सहा बोटं. सहा नंबर माझ्याकडं नव्हता. आठ नंबरचा कोरा जोड काढला, पुढं चिंध्या कोंबल्या आणि नाडी बांधून दाखवली. तो दोन पावलं चालला आणि जोरात पाय आपटून सॅल्यूट ठोकला. सॅल्यूट चुकीचा होता, मी दुरुस्त केला.

आम्ही जसजसे मागं सरकलो तसतशी लिट्टे आमच्या मोकळ्या ठाण्यांत शिरली. ती पोरांची फौज काही आठवड्यांत उधळली, आपण दिलेली हत्यारं लिट्टेच्या हातात गेली. पेरुमल 1990 च्या मार्चमध्ये भारतात आले. जूनमध्ये प्रेमदासांचं सरकार आणि लिट्टे यांचीच जुंपली. निघायला हवंच होतं, माझं मत आजही तेच आहे, किंबहुना वर्षभर आधी. पण त्या पोरांना हत्यार द्यायचं आणि जहाजात जागा द्यायची नाही, हे करायला नको होतं.

मी जानेवारीत आलो. महिनाभरानं स्टोअरचा हिशेब तपासायला माणूस बसला. जेरीकॅन जुळले, मच्छरदाण्या जुळल्या, बुटांत एक जोड कमी. कारणाच्या रकान्यात काय लिहू, विचारलं त्यानं. इश्यू कुणाला केला म्हणून लिहायचं तर पोराचं नावच मी विचारलं नव्हतं. शेवटी त्यानंच लिहून टाकलं: आठ नंबर, एक जोड, झिजून निकामी.