शेळ्यांना जंताचे औषध सुरक्षितपणे कसे पाजावे

मृग बरसला की विदर्भात धुऱ्याधुऱ्यावर कोवळे गवत उगवते आणि त्याच गवतातून शेळ्यांच्या पोटात जंत जातात. लेंड्यांसोबत पडलेल्या अंड्यांतून उष्ण, दमट हवेत साधारण आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि ओल्या पात्यांवर चढतात. यांतला सर्वांत घातक जंत म्हणजे हिमाँकस. तो शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पितो. जंताचे औषध तालुक्याच्या दुकानात सहज मिळते. चुका होतात त्या मात्रेत आणि पाजण्याच्या पद्धतीत.

सर्वप्रथम, औषधाची गरज कोणत्या शेळीला आहे ते पाहावे. शेळीला कोठ्याबाहेर उजेडात आणून अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढावी आणि आतला रंग पाहावा. तो लालसर असेल तर तूर्त औषध नको, पांढरट असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे, आणि मधल्या फिक्या गुलाबी रंगाच्या शेळ्यांवर लक्ष ठेवावे. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज दिसली, तर रक्त बरेच कमी झाले आहे असे समजावे. सगळ्या कळपाला दर महिन्याला सरसकट औषध पाजण्याची सवय मला अतिशय धोक्याची वाटते, कारण त्यातून औषधाला न जुमानणारे जंतच शिल्लक राहतात आणि पुढे तेच वाढतात.

पापणीवरून केवळ रक्त पिणारे जंत कळतात, म्हणून लेंड्यांची तपासणीही करून घ्यावी. चार-पाच शेळ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकीवर खूण करून, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्याव्यात. करडांना रक्ती हगवण लागली असेल तर ती बहुधा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची असते आणि तिच्यावर जंताचे नेहमीचे औषध चालत नाही. भंडारा-गोंदियाकडे बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या काठावर चरणाऱ्या शेळ्यांच्या यकृतात गोगलगायींमार्फत येणारे चपटे कृमी आढळतात, आणि त्यांच्यासाठी औषध किंवा मात्रा वेगळी लागते.

त्यानंतर वजन करावे, अंदाजावर जाऊ नये. पोत्याची झोळी करून शेळीला स्प्रिंगच्या काट्याला टांगले की काम भागते. समजा, डॉक्टरांनी अल्बेंडाझोल दर किलोला 10 मिलिग्रॅम सांगितले आणि शेळी 20 किलोची आहे, तर तिला 200 मिलिग्रॅम औषध लागेल, 2.5 टक्क्यांच्या पातळ औषधाच्या प्रत्येक मिलीलिटरमध्ये 25 मिलिग्रॅम असते, म्हणून 8 मिलीलिटर पाजावे. मेंढीची मात्रा शेळीला पुरेलच असे नाही, कारण शेळीच्या शरीरातून औषध लवकर निघून जाते. बाटलीच्या तळाशी औषधाचा साका बसतो, म्हणून भरण्यापूर्वी ती नीट हलवावी. शेळी गाभण असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये.

आता पाजण्याविषयी. काही वर्षांपूर्वी घाईत मी एका पाठीची, म्हणजे तरुण शेळीची, मान वर उचलून औषध भराभर तोंडात ओतले. तिला ठसका लागला, दुसऱ्या दिवसापासून ती धापा टाकू लागली आणि तिसऱ्या दिवशी दगावली. औषध श्वासनलिकेत गेले होते, आणि हे टाळणे पूर्णपणे माझ्या हातात होते. म्हणून शेळी उभी असतानाच तिला आपल्या दोन्ही पायांत धरावे आणि डोके सरळ ठेवावे, नाक डोळ्यांच्या रेषेच्या वर जाऊ देऊ नये. सुई काढलेली सिरिंज ओठांच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात त्या फटीतून, जिभेच्या मागच्या भागावर न्यावी आणि औषध थोडे थोडे सोडावे. गळ्याची घाटी हलली की पुढचा घोट द्यावा. शेळी खोकली तर तत्काळ थांबून तिचे डोके खाली सोडावे.

औषध दिलेल्या शेळ्यांच्या लेंड्या दुसऱ्या दिवशी झाडून उकिरड्यात टाकाव्यात, आणि दूध किती दिवस वापरू नये हे बाटलीवर वाचून पाळावे. पावसाळ्यात दव सुकल्यावरच कळप बाहेर काढावा आणि तुरीचे कुटार जमिनीवर न टाकता उंच गव्हाणीत द्यावे. बाभूळ-बोरीचा पाला शेळीला मिळाला तर उत्तमच, कारण अळ्या जमिनीलगतच्या गवतावर असतात, उंचावरच्या फांदीवर नाहीत. साधारण दोन आठवड्यांनी त्याच शेळ्यांच्या लेंड्या पुन्हा तपासून घ्याव्यात. अंडी फारशी कमी झाली नसतील, तर तेच औषध वाढवून पाजू नये, डॉक्टरांकडून दुसऱ्या गटाचे औषध लिहून घ्यावे.