पाइपच्या लाइनपासून हेल्पडेस्कपर्यंत: क्षेत्र बदलताना या चुका टाळा

जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या लाइनवर मी लागलो, तेव्हा घरच्यांना वाटलं पोरगा आता मार्गी लागला. पुढे पाइप सोडून मी प्लास्टिकच्या डब्यांच्या डिझाइनकडे गेलो, तिथून वेबसाइट करायला लागलो, आणि आता कानाला हेडफोन लावून लोकांची अडलेली बिलिंग सॉफ्टवेअरं सुरू करून देतो. गावाकडच्या लग्नात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आते काय करी राह्यना भो?" जोर सगळा त्या 'आते'वर.

क्षेत्र बदलल्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते सामान बांधताना घातलेल्या घोळाचं. दर वेळी जे मागे ठेवायचं ते मी उचलून नेलं आणि जे सोबत न्यायचं ते मशीनवरच विसरून आलो. खालच्या बहुतेक चुका या एकाच घोळातून झाल्या आहेत.

"चालवून बघू" सगळीकडे चालत नाही

पाइपच्या लाइनवर चूक लगेच दुरुस्त होते. भिंत जाड यायला लागली की हॉल-ऑफचा (पाइप पुढे ओढणाऱ्या यंत्राचा) वेग थोडा वाढवायचा, पातळ यायला लागली की कमी करायचा. मधला खराब पाइप ग्राइंडरमध्ये टाकला की भुगा होऊन पुन्हा कामाला येतो. त्यामुळे हाताला सवय लागते: आधी चालवू, मग माप धरू.

ही सवय घेऊन मी डब्यांच्या डिझाइनला बसलो. एका चौकोनी डब्याचं झाकण एबीएस नावाच्या प्लास्टिकमध्ये करायचं ठरलं होतं आणि साचा त्याच हिशेबानं सुरू झाला होता. मालकांनी मध्येच विचारलं, पीपी (पॉलिप्रॉपिलीन) स्वस्त पडतं, चालेल का? मी म्हटलं, चालेल की. साच्यातून निघाल्यावर थंड होताना प्लास्टिक आक्रसतं, आणि प्रत्येक प्लास्टिकचं आक्रसणं वेगळं. एबीएस साधारण अर्धा टक्का, पीपी एक ते अडीच टक्के. २०० मिलिमीटरच्या झाकणात एबीएस १ मिलिमीटर खातं, तर पीपी दीड टक्क्यानं धरलं तरी ३. झाकण २ मिलिमीटर लहान निघालं आणि डब्यावर बसेचना. आता कुठला वेग फिरवणार?

झाकणाचं आतलं माप कोअर, म्हणजे साच्याचा आतला पोलादी ठोकळा, ठरवतो. ते वाढवायचं म्हणजे कोअर मोठा करायचा. साच्यातलं पोलाद घासून काढता येतं, काढलेलं परत लावणं महाग. साचा बनवणाऱ्या टूलरूमवाल्यानं मला एवढंच विचारलं, "साहेब, वेल्डिंग करून भरू की नवीन कोअर कापू?" दोन्हीचे आकडे ऐकून मी खुर्चीत बसलो.

या क्षेत्रात नव्यानं येणाऱ्यानं तीन गोष्टी ड्रॉइंग पाठवण्याआधी बघाव्यात. मटेरियल कागदावर लिहून पक्कं झालंय का आणि आक्रसणं त्याच मटेरियलचं धरलंय का. उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार दिलाय का, नाहीतर माल साच्यातून सुटताना घासतो. आणि भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आहे का, कारण जाड जागा उशिरा थंड होते आणि वरून खळगा पडतो. गिऱ्हाईक त्या खळग्यावर बोट फिरवून म्हणतं, "सेकंड क्वालिटी आहे का?"

वेबपान हे छापील पान नव्हे

डिझाइनसोबत पॅकिंगची खोकी, लेबलं, हँडबिलं असलं कामही आलं. तिथे नियम कडक: फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची कड), रंग छपाईच्या चार शाईंचे म्हणजे सीएमवायके, अक्षरं कर्व्हमध्ये (नुसत्या रेषांत) बदलून प्रेसला पाठवायची. एकदा बसवलेली ओळ तिथून हलत नाही. मी तीच शिस्त वेबसाइटमध्ये नेली. पान १०२४ पिक्सेल रुंद, प्रत्येक चौकट खिळे ठोकल्यासारखी. रावेरचा केळीचा व्यापारी शेताच्या बांधावर उभा राहून मोबाइलवर भाव बघायचा तेव्हा त्याला पानाचा डावा कोपरा तेवढा दिसायचा. वर मी केळीच्या घडांचे चार-चार एमबीचे फोटो टाकलेले. पान उघडेपर्यंत लिलाव संपायचा.

रुंदी टक्क्यांत ठेवा, फोटो काही शे केबीच्या आत आणा, आणि साइट आधी स्वस्तातल्या मोबाइलवर, कमी रेंजमध्ये उघडून बघा. ऑफिसच्या मोठ्या मॉनिटरवर सगळ्याच साइट छान दिसतात.

पण वेबच्या कामात आमच्याकडे सगळ्यात जास्त रडवलं ते मराठी अक्षरांनी, म्हणून इथे जरा थांबतो. खानदेशातल्या डीटीपीवाल्यांकडचा वर्षानुवर्षांचा मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला. त्या फाइलमध्ये मुळात रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फाँट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. तो मजकूर उचलून वेबसाइटवर चिकटवला की मुखवटा गळून पडतो. मी हे केलंय. ग्राहकानं फोन करून विचारलं, "भाऊ, साइट हॅक झाली का?"

बिघाड कुठला आहे ते अक्षरांच्या दिसण्यावरूनच कळतं.

ओळखीची रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी दिसत असेल, तर मजकूर जुन्या फाँटमधला आहे. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) आणा, पण नंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर चुकतात ते बहुतेक तिथेच.

डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला लहान रोमन 'ए' (à) पुन:पुन्हा दिसत असेल, तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. लॅटिन समजून वाचलं की एकाची तीन अक्षरं दिसतात, आणि त्यातलं पहिलं नेहमी तेच 'ए'. पानाच्या हेडरमधलं आणि डेटाबेसच्या कनेक्शनमधलं एन्कोडिंग दुरुस्त करा.

नुसते चौकोन दिसले, तर त्या यंत्रात देवनागरीचा फाँट नाही.

आणि ओळीनं प्रश्नचिन्हं दिसली, तर हात कीबोर्डवरून काढा. बहुतेक वेळा मजकूर साठवतानाच गेलेला असतो. परत सेव्ह करू नका, आधी बॅकअप शोधा. मी दोनदा सेव्ह केलं होतं.

याच जातीची आणखी एक चूक: मराठी एसएमएस. इंग्रजीचा एक एसएमएस १६० अक्षरांचा, युनिकोडचा, म्हणजे मराठीचा, ७० चा. व्यापाऱ्याला हिशेब देताना मी १६० धरले, आणि शेतकऱ्यांना रोजचे भाव कळवण्याचं बिल दुपटीच्या वर गेलं.

डोमेनचं एका वाक्यात सांगतो: ते ग्राहकाच्या नावावर आणि ग्राहकाच्या ईमेलवर घ्या, नाहीतर तुम्ही नोकरी बदलल्यावरही नूतनीकरणाचे फोन तुम्हालाच येत राहतात.

"माझ्याकडे तर चालतंय"

हे वाक्य मी डेव्हलपर म्हणून बोलायचो आणि सपोर्टला आल्यावरही काही महिने बोलत राहिलो. ते खरंही असतं, पण समोरच्याचं काम अडलेलंच राहतं.

एका डाळ मिलमधून तक्रार यायची: दुपारी चारच्या सुमारास बिलिंगचा कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतो. मी फोनवर विचारलं, "अलीकडे काही बदललं का?" मुनीमजी म्हणाले, "काहीच नाही." मी सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. मग अँटीव्हायरस बदलला. मग रॅम काढून पुसून बसवायला लावली. तीन आठवडे असे गेल्यावर मी मल्टिमीटर घेऊन स्वतः गेलो आणि चार वाजेपर्यंत कॉम्प्युटरजवळ बसून राहिलो. चारला मागे डाळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची मोटर सुरू झाली, दिवा मंद झाला, कॉम्प्युटर गेला. मोटर दोन महिन्यांपूर्वी बसवलेली. मुनीमजी खोटं बोलले नव्हते, कॉम्प्युटरमध्ये खरंच काही बदललं नव्हतं. माझा प्रश्नच अपुरा होता. आता मी विचारतो, "इमारतीत, लायटीत, माणसांत काय बदललं?"

मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली येतं, यूपीएस बॅटरीवर जातो, आणि बॅटरी मेलेली असेल तर सगळंच बंद. यूपीएसचा हिरवा दिवा लागतो म्हणून बॅटरी ठीक, असं धरू नका. महत्त्वाचं काम सेव्ह करून भिंतीतला प्लग काढून बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो, बंद केबिनमध्ये ठेवलेली बॅटरी दोन-तीन वर्षं टिकली तरी नशीब.

तिथेच दुसरी गोष्ट सापडली. कॅबिनेटला हात लावला की बारीक झिणझिण्या येत होत्या आणि प्रिंटरचे यूएसबी पोर्ट एकेक करून जात होते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवायला नको, तिथे बरंच जास्त होतं. मागे जाऊन पाहिलं तर अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. चार बादल्या पाणी ओतल्यावर आकडा खाली आला. पक्की दुरुस्ती इलेक्ट्रिशियननं नंतर केली. उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घालायचं हे पाइपच्या कारखान्यात आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. कॉम्प्युटरवाला झाल्यावर ते मला तीन आठवडे आठवलं नाही.

फोनवरून सुटणारं एक दुखणं: सगळ्याच साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडल्या, तर आधी घड्याळाखालची तारीख विचारा. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते, आणि त्या तारखेला साइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. नवी बॅटरी टाकून तारीख लावली की झालं.

मशीनवर विसरून आलेलं रजिस्टर

पाइपच्या लाइनवर दर तासाला रजिस्टर भरावं लागे: बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी, मीटरमागे वजन, डायचं (पाइपला आकार देणाऱ्या तोंडाचं) तापमान, मोटरचे अँपिअर. आमचे सीनियर ऑपरेटर, त्यांना सगळे आप्पा म्हणत, नव्या पोराच्या हातावर चापट मारायचे ती एकाच गोष्टीसाठी: एका वेळी दोन नॉब फिरवले तर. पाइपवर तपकिरी रेघ आली म्हणजे पीव्हीसी जळतंय. तेव्हा तापमान, स्क्रूचा वेग आणि फीडिंग एकदम बदललं तर रेघ कशानं गेली ते कळत नाही, आणि उद्या पुन्हा आली की पुन्हा अंदाजच. आप्पा एक नॉब फिरवायचे, वेळ लिहायचे, आणि पंधरा-वीस मिनिटं तंबाखू मळत थांबायचे. आम्हाला ते आळशी वाटायचे.

डिझाइनला गेल्यावर मी रजिस्टर सोडलं. मालकांनी पीपी कधी म्हटलं त्याची नोंद माझ्याकडे नव्हती, त्यामुळे कोअरच्या खर्चाचं खापर माझ्यावरच फुटलं. वेबसाइटला एका रात्री तीन प्लगिन (जोडायचे छोटे प्रोग्राम) एकत्र अपडेट केले आणि पांढरं पान आलं. कुठल्या प्लगिननं, ते शोधण्यात सकाळ झाली. डाळ मिलमध्येही मी एकामागून एक उपाय केले, पण कुठला कधी केला ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर यातल्या कुठल्याच उपायानं चारच्या रिस्टार्टला फरक पडत नाही हे लवकर दिसलं असतं.

आता टेबलावर साधं लांब रजिस्टर आहे. तक्रारीची वेळ, काय दिसलं, काय बदललं होतं, मी काय केलं, काय झालं. पाच रकाने. ऑफिसच्या टिकेट सिस्टिममध्ये हे सगळं असतंच, पण तिथे लोक 'रिझॉल्व्हड' एवढंच लिहितात.

कागदपत्रांच्या चुका, थोडक्यात

नोकरी बदलताना दर वेळी पीएफ काढून मोकळं होऊ नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) ट्रान्सफर करा. १९९५ च्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. मी पहिल्या दोन नोकऱ्यांचे पैसे काढून मोटरसायकल घेतली, आणि ती वर्षं मोजणीतून गेली. अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवशीच हातात घ्या. लहान कारखाने बंद पडतात, मग सही करायला कुणी उरत नाही.

बायोडेटात चार क्षेत्रं तारखांसह ओळीनं लिहिली की वाचणाऱ्याला वाटतं, हा कुठेच टिकत नाही. मी आता प्रत्येक ठिकाणी सोडवलेला एक बिघाड लिहितो, आकड्यासह. मुलाखतीत "एवढं सगळं का बदललं?" असं विचारलं की डाळ मिलचा किस्सा सांगतो. लोक पुढे सरकून ऐकतात, हसतात, कधी कधी आपल्या ऑफिसचा यूपीएसही दाखवतात. मग पगाराचा विषय निघतो, आणि तिथे अजूनही "पण या क्षेत्रातला अनुभव तर तीनच वर्षांचा ना?" हे ऐकावं लागतंच.