जिंकला हा, मग नंबर एक तो कसा? एटीपी रँकिंग वाचायची रीत

टेनिसची मोठी स्पर्धा संपली की व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न हमखास पडतो. कुणीतरी ट्रॉफी उचललेला फोटो टाकतो, दुसरा लगेच रँकिंगचा स्क्रीनशॉट टाकतो, आणि मग "एटीपीवाले सेटिंग करतात" इथपर्यंत गाडी जाते (एटीपी म्हणजे पुरुषांचं व्यावसायिक टेनिस चालवणारी संघटना). सेटिंग वगैरे काही नाही हो, बेरीज वजाबाकी आहे नुसती, चौथीतलं पोरगं करेल. फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे.

तर सगळ्यात आधी डोक्यातून हे काढून टाका की ही लिस्ट आज कोण भारी खेळतोय ते सांगते. ती सांगते की मागच्या ५२ आठवड्यांत कोणी किती पॉईंट जमवले, बास. आज मिळालेले पॉईंट पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेच्या सुमाराला गळतात. गच्चीवरच्या टाकीसारखं आहे, वरून पाणी पडतंय आणि खाली नळ पण चालूच, त्यामुळे नुसतं वरून किती पडलं बघून लेव्हल कळत नाही. लिस्ट सोमवारी बदलते, स्पर्धा दोन आठवड्यांची असेल तर मधल्या सोमवारी थांबतात.

कुठे किती मिळतात ते पाठ करायची फारशी गरज नाही कारण आकडा स्पर्धेच्या दर्जाच्या नावातच आहे. मास्टर्स १००० जिंकली तर १०००, एटीपी ५०० ला ५००, २५० ला २५०. ग्रँडस्लॅमचं, म्हणजे सगळ्यात मोठ्या चार स्पर्धांचं, तेवढं लक्षात ठेवा: जिंकला २०००, फायनल हरला १३००, सेमी ८००, क्वार्टर ४००, पहिल्याच फेरीत गेला तर १०. (जुन्या लेखांत फायनलचे १२०० दिसतील, ते २०२४ पासून १३०० झाले, गोंधळू नका.) आणि खेळाल तेवढं सगळं धरत नाहीत. चार ग्रँडस्लॅम आणि आठ सक्तीच्या मास्टर्स धरतातच, तिथे नाही गेलात तर सहसा शून्य लागतो आणि तो शून्य वर्षभर चिकटून राहतो. माँटे कार्लो ही नववी मास्टर्स, ती ऐच्छिक. बाकीच्यांतले जे चांगले रिझल्ट तेवढेच घेतात, म्हणून दर आठवड्याला कुठेतरी खेळत राहिलं म्हणून कोणी वर चढत नाही.

आता खरी रीत. खेळाडूच्या नावासमोर तीन आकडे मांडायचे, आत्ताचे पॉईंट, या स्पर्धेत गेल्या वर्षीचे किती गळणार, आणि यंदा किती मिळू शकतात. मधल्या आकड्याला कॉमेंटरीवाले "डिफेंड करायचे पॉईंट" म्हणतात आणि सगळी मजा त्यातच आहे.

२०२५ ची यूएस ओपन ही ग्रँडस्लॅम घ्या, याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. स्पर्धेआधी यानिक सिनर ११,४८० वर नंबर एक, कार्लोस अल्काराझ ९,५९० वर नंबर दोन. फरक १,८९०, बघून वाटेल आता हे काय भरून निघणार. पण सिनर २०२४ चा चॅम्पियन होता, म्हणजे त्याचे २००० गळणार, आणि अल्काराझ २०२४ ला दुसऱ्याच फेरीत बाद झाला होता म्हणून त्याचे गळणार फक्त ५०. ही वजाबाकी आधीच करून टाका, सिनर ९,४८०, अल्काराझ ९,५४०. म्हणजे पहिला बॉल पडायच्या आधीच अल्काराझ पुढे होता! ज्यांनी एवढं गणित केलं होतं त्यांना माहीत होतं की दोघं फायनलला आले तर जिंकेल तो नंबर एक. अल्काराझ जिंकला, ११,५४० झाले, सिनर १३०० घेऊन १०,७८० वर आला आणि सलग ६५ आठवड्यांनंतर त्याची खुर्ची गेली. फायनल गाठून ७०० पॉईंटचं नुकसान, बघा.

त्याच वर्षी ट्यूरिनला एटीपी फायनल्समध्ये, म्हणजे आठ जणांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेत, तर याहून गंमत झाली. तिथे ग्रुपमधल्या तीन मॅचपैकी प्रत्येक जिंकली की २००, सेमी जिंकली की ४००, फायनल जिंकली की ५००, एकही न हरता जिंकला तर एकूण १५००. सिनरने एकही न हरता जिंकली आणि फायनलला हरवलं कोणाला, तर अल्काराझलाच. तरी वर्षअखेर नंबर एक अल्काराझ, १२,०५० विरुद्ध ११,५००. कारण सिनरने २०२४ ला पण तिथे एकही मॅच न हरता १५०० घेतले होते, ते गळले आणि तेवढेच परत आले, निव्वळ वाढ शून्य. अल्काराझचे आदल्या वर्षीचे होते फक्त २००, त्याने २०२५ ला १००० केले. ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडण त्या रात्री झालं असणार.

या गळतीच्या भानगडीत पडायचं नसेल तर "रेस" नावाची दुसरी लिस्ट बघा. ती जानेवारीला शून्यावरून सुरू होते, फक्त यंदाचे पॉईंट धरते, आणि साधारण पहिले आठ ट्यूरिनला जातात. यंदा कोण चांगला खेळला याचं उत्तर माझ्या मते तीच जास्त प्रामाणिकपणे देते, पण जानेवारी-फेब्रुवारीत तिच्याकडे बघू नका, दोन मॅचा जिंकलेला माणूस पण वर दिसतो.

नंबर किती फरकाने बदलला यापेक्षा कुठली रेघ ओलांडली ते बघा. ग्रँडस्लॅमला ३२ सीड असतात, म्हणजे रँकिंगवरून मानांकन दिलेले खेळाडू. १ आणि २ ड्रॉच्या, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या तक्त्याच्या, विरुद्ध हाफमध्ये, म्हणजे फायनलआधी गाठ नाही. पहिल्या चारांची सेमीआधी नाही, पहिल्या आठांची क्वार्टरआधी नाही. त्यामुळे ६ चा ५ झाला तर काही फरक पडत नाही, ५ चा ४ झाला तर पडतो. ३३ चा ३२ झाला तर फारच, कारण सीड नसलेल्याला पहिल्याच फेरीत नंबर एकवाला समोर येऊ शकतो.

आणि खाली १०० च्या आसपास तर पोटापाण्याचा प्रश्न असतो. १२८ च्या ड्रॉमध्ये १०४ जण रँकिंगवर थेट घेतात, तेही काही आठवडे आधीच्या रँकिंगवर, बाकी क्वालिफायर (पात्रता फेऱ्या जिंकून आलेले) आणि वाईल्ड कार्ड (आयोजकांनी दिलेली जागा). आपला सुमित नागल २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला क्वालिफाय होऊन आला, ३१ व्या सीडच्या बुब्लिकला हरवलं, जुलैपर्यंत ६८ वर पोचला. २०२५ ला थेट ड्रॉमध्ये होता पण पहिल्याच फेरीत माखाचकडून हरला, झालं, क्वालिफायिंगचे धरून ८० गेले आणि १० आले. वरच्यांना ७० पॉईंट म्हणजे चिल्लर, पण त्या पट्ट्यात तेवढ्याने बरेच नंबर खाली जातात.

उलटं पण होतं. मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशेरो २०२४ ला आपल्या पुण्यात चॅलेंजर, म्हणजे खालच्या दर्जाची स्पर्धा, जिंकून गेला होता, किती जणांनी लक्ष दिलं कोण जाणे. ऑक्टोबर २०२५ ला हा माणूस २०४ नंबरवर असताना शांघायच्या मास्टर्सला क्वालिफायिंग खेळून आला, सेमीत जोकोविचला हरवलं, फायनलला स्वतःच्या मावसभावाला... मामेभाऊ म्हणा, जो असेल तो भाऊ, रिंडरनेकला हरवलं आणि एका आठवड्यात थेट ४० वर. वर्षभर त्याला गळायला फारसं काही नव्हतं, त्यामुळे आले ते सगळे वरच चढले.

दोन-तीन अपवाद माहीत असू द्या. २०२२ च्या विम्बल्डनला रशिया-बेलारूसच्या खेळाडूंना बंदी होती म्हणून एटीपीने पॉईंटच दिले नाहीत, जोकोविच जिंकला आणि मिळाले शून्य, आदल्या वर्षीचे मात्र गळाले म्हणून उलट खाली घसरला. नावापुढे पीआर दिसलं तर ते प्रोटेक्टेड रँकिंग, म्हणजे सहा महिने किंवा जास्त दुखापतीने बाहेर असलेल्याला जुन्या रँकिंगवर एंट्री मिळते, पण सीड मिळत नाही. आणि डबल्सची लिस्ट पूर्ण वेगळी असते, रोहन बोपण्णा जानेवारी २०२४ ला ४३ व्या वर्षी नंबर एक झाला तो तिथे, सिंगल्सच्या लिस्टमध्ये त्याला शोधू नका.